हा माणूस श्वास घेतो कुठं?

मोझार्टचा फ्लूट कॉन्चेर्टो, बेलफास्टचा जेम्स गॉलवे आणि तेरचा माझा मामा... एका वीकेण्डला हे तिघं एका ओसरीवर भेटले. त्या भेटीची ही गोष्ट!

शनिवारी दुपारी चार वाजता मी तेरला मामाच्या ओसरीवर बसले होते. हातात मोबाइल, पुढ्यात चहा आणि पुण्याहून मुद्दाम बॅगेत घालून आणलेला ब्लूटूथ स्पीकर. मामा खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. नजर स्पीकरवर, चेहऱ्यावर संशय.

''ह्येच का तुझं इंग्लिश भजन?''

''भजन नाही रे मामा. कॉन्चेर्टो आहे. बासरीचा.''

''बासरी हाय नव्हं? मग लाव.''

माझा मामा म्हणजे आमच्या गावच्या भजनी मंडळातली बासरी. खरं तर भजनात पेटी, पखवाज, टाळ आणि वीणा असली की काम भागतं. बासरी तिथं मामानं घुसवली. आधी जुन्या लोकांनी नाकं मुरडली, मग त्यांना सवय झाली आणि शेवटी शेजारच्या गावच्या सप्ताहातून निरोप यायला लागले, 'बासरीवाल्याला घेऊन या.' मला पहिली बासरी हातात दिली ती त्यानंच. मी तेव्हा पाचवीत होते.

२०२१ मध्ये मामाला कोविड झाला. तो बरा झाला, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. चार पायऱ्या चढला तरी थांबतो. बासरी खुंटीवर टांगलेल्या कापडी पिशवीत गेली, ती तिथंच आहे. आणि मी? अकरावीला घर सोडलं, मग मास कॉम, मग पुणे, मग डेडलाईन्स. फोनवर दर वेळी मामा विचारायचा, ''वाजवतीस नव्हं?'' आणि दर वेळी मी म्हणायची, ''हो रे, अधूनमधून.''

साफ खोटं! माझी बासरी पुण्यातल्या फ्लॅटच्या माळ्यावर आहे, दोन सूटकेसच्या मागे.

तर सांगायचं कारण असं, की एका मित्रानं पाठवलेल्या लिंकवर मी जेम्स गॉलवेनं वाजवलेला मोझार्ट ऐकला आणि दुसऱ्या मिनिटाला मला मामाची आठवण आली. मोझार्ट ऐकून तेर आठवावं, हे मलाच जरा विचित्र वाटलं. म्हणून एसटी पकडली.

क्लायंट, डेडलाईन आणि मोझार्ट

कॉन्चेर्टो म्हणजे काय, हे आधी सोप्या भाषेत. एका बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या बाजूला एकटा वादक. कधी दोघांचं संभाषण, कधी भांडण, कधी एकानं दुसऱ्याला दिलेली साथ. बहुतेक वेळा तीन भाग असतात: पहिला वेगात, दुसरा संथ, तिसरा पुन्हा खेळकर.

आपला हा कॉन्चेर्टो डी मेजरमधला. मोझार्टच्या यादीतला ३१४ नंबरचा. साधारण वीस मिनिटांचा. पण त्याच्या जन्माची कथा वाचाल तर तुम्हाला तो मोझार्ट नव्हे, आपल्यातलाच कुणीतरी फ्रीलान्सर वाटेल.

१७७७ चा डिसेंबर. नोकरी सोडलेला एकवीस वर्षांचा मोझार्ट जर्मनीतल्या मानहाइम शहरात काम शोधत फिरत होता. तिथं त्याला एक क्लायंट भेटला, फर्डिनांड देझाँ. हा डच ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन म्हणून नोकरी केलेला माणूस आणि हौशी बासरीवादक. बासरीसाठी तीन छोटे, सोपे कॉन्चेर्टो आणि काही क्वार्टेट्स लिहून दे, दोनशे गुल्डन देतो, असा सौदा ठरला. मग? मग जे आपल्या सगळ्यांचं होतं तेच. काम लांबत गेलं. फेब्रुवारी १७७८ मध्ये मोझार्टनं वडिलांना पत्र लिहून कारण दिलं, की जे वाद्य सहन होत नाही त्याच्यासाठी लिहायचं म्हटलं की हात चालत नाही! ते खरं होतं की डेडलाईन चुकल्यावरचा बहाणा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

शेवटी त्यानं काय केलं? ऑबो या वाद्यासाठी आदल्या वर्षी लिहिलेला कॉन्चेर्टो काढला, एक सूर वर चढवला आणि बासरीसाठी म्हणून देऊन टाकला. रीसायकलिंग! क्लायंटनंही पूर्ण पैसे दिले नाहीत. दोनशेच्या ऐवजी हातात पडले ९६ गुल्डन. (तुमचंही पेमेंट अडकलंय? धीर धरा. चांगली कंपनी आहे.) मूळ ऑबोच्या प्रती मधल्या काळात हरवल्या होत्या. त्या १९२० मध्ये साल्झबर्गला सापडल्या, तेव्हा हा सगळा उलगडा झाला.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो पैशांवर हसला नाही. त्याचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. ''ऑबो म्हंजी काय गं?''

''सनईच्या जातीचं. पत्तीतून फुंकायचं.''

''आस्सं...'' म्हणून तो गप्प बसला. का, ते मला अर्ध्या तासानं कळलं.

विणेकऱ्यासारखा उभा

मी प्ले दाबलं. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा एकटाच वाजतो. व्हायोलिन्स, दोन ऑबो, दोन हॉर्न. चाल आनंदी, उघडी, उन्हासारखी. मिनिटभर तरी बासरीचा पत्ता नाही. मामानं माझ्याकडं बघितलं, 'कुठाय?' अशा नजरेनं. आणि तेवढ्यात ती आली. खालून भरभर चढत गेलेली सुरांची एक शिडी आणि शिडीच्या टोकाला एकच सूर. उंच, सरळ, लख्ख. तो सुटतच नाही. चार आवर्तनं... म्हणजे त्यांच्या भाषेत चार बार, घड्याळात मोजले तर सात-आठ सेकंद. खाली ऑर्केस्ट्रा आपली चाल वाजवत पुढं निघालेला आणि वर बासरी त्या एका सुरावर उभी.

''थांब. परत लाव.''

परत लावलं. या वेळी मामाची बोटं मांडीवर मोजत होती.

''आगं माय, ह्यो तर विणेकरी हाय!''

मराठवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: आमच्याकडं हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लागतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते. टाळकरी नाचतात, गाणारे बदलतात, अभंग बदलतो, विणेकरी मात्र सूर धरून उभा. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण तो हलला तर सगळंच हललं.

विचार करा. हीरोची एन्ट्री आहे. आपल्याकडं काय काय झालं असतं! आणि इथं मोझार्ट त्याला सांगतो, येऊन फक्त उभा राहा. एक सूर धर. मला वाटतं, व्हर्च्युओसो कोण हे त्या आठ सेकंदांतच ठरतं. फास्ट वाजवणारे पुष्कळ असतात. एका सुरावर उभं राहून तो कंटाळवाणा होऊ न देणं, हे अवघड. गॉलवेच्या त्या सुरात आतून हालचाल असते. सूर किंचित फुलतो, त्याला बारीक थरथर येते, पण तो खाली पडत नाही आणि वरही सरकत नाही.

बेलफास्टच्या गल्लीतून

हा जेम्स गॉलवे कोण? १९३९ चा जन्म, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. कामगार वस्तीतलं घर. आजोबा बासरी वाजवायचे, वडील वाजवायचे, आणि गल्लीगल्लीत फ्लूट बँड असायचे. तिथं सुरुवात करून हा मुलगा १९६९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये, म्हणजे हर्बर्ट फॉन कारायानच्या ऑर्केस्ट्रात, मुख्य बासरीवादक झाला. त्या खुर्चीसाठी लोक आयुष्य वेचतात. यानं ती १९७५ मध्ये सोडली आणि सोलो वाजवायला लागला. हा मोझार्ट त्यानं एकदा नव्हे, अनेकदा रेकॉर्ड केला. १९७८ मध्ये 'ॲनीज साँग' या गाण्याची धून वाजवली, तर ती इंग्लंडच्या पॉप चार्टवर तिसऱ्या नंबरला गेली! त्याच्या सोन्याच्या फ्लूटमुळं 'सोन्याच्या बासरीवाला' हे नावच पडलं. २००१ मध्ये 'सर' झाला.

मामाला सोन्याच्या बासरीचं कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, ''सोनं काय आन बांबू काय. वाजतंय ते पोटातलं.''

पण 'आज्यापासनं घरात बासरी' हे ऐकल्यावर मात्र त्यानं मान हलवली. ''तरीच.''

सनईचं दुखणं, बासरीचं दुखणं

दुसरा भाग संथ. लांब लांब ओळी. मामा डोळे मिटून ऐकत होता. एका जागी त्याचा स्वतःचा श्वास अडकला, मला स्पष्ट ऐकू आलं. दम्यानं नव्हे. तो गॉलवेच्या बरोबर श्वास धरून बसला होता.

''हा माणूस श्वास घेतो कुठं?''

खरं सांगू, अख्ख्या कॉन्चेर्टोतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आणि इथंच ती ऑबोची भानगड मामानं पकडली.

''हे गाणं सनईसाठी बांधलेलं, म्हन्लीस नव्हं? मग बरोबर हाय. सनईवाल्याला दम पुरतो. बासरीवाल्याचा दम सांडतो.''

किती नेमकं! सनई असो, सोलापूरकडची सुंदरी असो की ऑबो, फुंकायची वाट अगदी बारीक असते. हवा थोडी-थोडी जाते, उलट ऑबोवाल्यांची तक्रार असते की छातीत शिळी हवा साठून राहते. बासरीत असं काही अडवणारं नसतं. ओठांनी हवेची पट्टी करून ती भोकाच्या कडेवर मारायची. थोडी आत जाते, थोडी बाहेर उडून जाते. भरलेली छाती बघता बघता रिकामी! म्हणजे मोझार्टनं आळस करून सनईच्या जातीच्या वाद्याचं गाणं बासरीला दिलं आणि नकळत पुढच्या अडीचशे वर्षांच्या बासरीवाल्यांना श्वासाची परीक्षा लावून ठेवली. जो सूर ऑबोला सहज धरता येतो, तोच बासरीला विकत घ्यावा लागतो.

आणि गॉलवे तो विकत घेतोय हे कळू देत नाही, यातच सगळी मजा आहे. श्वास तो घेतोच, माणूसच आहे. पण जिथं वाक्य संपतं तिथं घेतो. आपण बोलताना स्वल्पविरामाला थांबतो तसा. त्यामुळं तो थांबला असं वाटत नाही, त्याला पुढं काही म्हणायचंय असं वाटतं. मामानं तीनदा ऐकून सगळ्या जागा शोधून काढल्या. ''हितं घेतला. आन हितं. बघ, चोरून न्हाई घेतला. हक्कानं घेतला.''

सगळे गप्प होतात तेव्हा

पहिल्या भागाच्या शेवटाकडं अशी एक जागा येते, की ऑर्केस्ट्रा एका सुरावर येऊन थांबतो. पूर्ण शांतता. मग बासरी एकटी बोलायला लागते. याला म्हणतात कॅडेन्झा. मोझार्टच्या काळी ही जागा वादकानं स्वतःच्या मनानं भरायची असायची. आपल्या उपजेसारखी! नंतर लोक ती आधीच लिहून, पाठ करून वाजवायला लागले.

कॅडेन्झा संपताना बासरी दोन सुरांवर थरथरते, लांब ट्रिल घेते. तोच ऑर्केस्ट्राला इशारा. या आता! हे मी मामाला सांगितलं नव्हतं. त्या ट्रिलवर त्याचा हात आपोआप वर गेला आणि ऑर्केस्ट्रा आला त्याच क्षणी मांडीवर पडला. समेवर. माझ्या अंगावर काटा आला. ज्या माणसानं आयुष्यात ऑर्केस्ट्रा पाहिला नाही, त्यानं मोझार्टची सम पकडली होती.

आपण पुण्या-मुंबईतली मंडळी ना, वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की आधी घाबरतो. टाळ्या कधी वाजवायच्या, कपडे काय घालायचे... आणि गावाकडच्यांना तर ते कळणारच नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो. मीही ठरवलं होतं. स्पीकर घेऊन निघाले तेव्हा मनात कुठंतरी होतं, की मी मामाला काहीतरी दाखवायला चाललेय!

एनसीपीएमधला बांबू

मामानं मग साहजिक प्रश्न विचारला. ''आपली बासरी चालंल का असल्या घोळक्यात?''

चालते की! पण वाट लांबची आहे. आपल्या बासरीला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली ती पन्नालाल घोष यांनी. बारिसालचा हा माणूस १९४० मध्ये मुंबईत आला, सिनेमात काम केलं आणि बत्तीस इंची लांब बासरी करून ख्यालाचं गांभीर्य तिच्यात आणलं. १९६० मध्ये ते गेले. मग हरिप्रसाद चौरसिया. वडील पैलवान, मुलगा लपूनछपून बासरी शिकलेला. अन्नपूर्णादेवींकडं नव्यानं शिकायचं म्हणून त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीची डावी केली आणि शून्यापासून सुरुवात केली.

त्यांचे पुतणे राकेश चौरसिया. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये ते सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर बसले. २००६ मध्ये स्थापन झालेला हा ऑर्केस्ट्रा. कॉन्चेर्टो होता उस्ताद झाकीर हुसेन यांचा, तबला, सतार आणि बासरी अशा तीन वाद्यांसाठी लिहिलेला. तबल्यावर खुद्द झाकीरभाई, सतारीवर नीलाद्री कुमार. वर्षाअखेर हा कॉन्चेर्टो इंग्लंडलाही जाऊन आला. पुढच्याच फेब्रुवारीत राकेश आणि झाकीरभाईंच्या 'ॲज वी स्पीक' अल्बमला ग्रॅमी मिळालं. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. मुंबईतल्या त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये नव्हते, याची चुटपुट आता जन्मभर राहणार.

यात अवघड काय? फ्लूटला किल्ल्या असतात, प्रत्येक सुराची जागा ठरलेली. आपल्या बासरीला नुसती भोकं. अर्धं बोट उचललं की सूर घसरतो, आणि त्या घसरण्यातच तिचं सौंदर्य, मींड. समोर ऑर्केस्ट्रा नोटेशन बघून वाजवणार, त्याचा सूर पक्का बांधलेला. म्हणजे बांबूच्या पोकळ नळीनं कडक इस्त्रीच्या सुरात बसायचं, तरी स्वतःचं वळण सोडायचं नाही. किल्ली मदतीला नाही. बोट, ओठ आणि पुन्हा तोच, श्वास.

पहिल्यांदा ऐकताय?

- मोबाइलच्या स्पीकरवर नको. हेडफोन लावा, नाहीतर बरा स्पीकर घ्या. श्वास ऐकू यायला हवा.
- फक्त पहिला भाग ऐका. त्यातही बासरीची एन्ट्री तीनदा. तो एक सूर घड्याळ लावून मोजा.
- कॅडेन्झा आली की हात मोकळा ठेवा. सम तुम्हालाही सापडेल.
- संथ भाग रात्री. ईमेल बघत नको!
- मग हरिप्रसादांचा, शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्यासोबतचा 'कॉल ऑफ द व्हॅली' लावा. दोन्हीकडं वादक श्वास कुठं घेतो ते शोधा.

कच्चं की पक्कं?

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. तेरणेच्या काठी त्यांचं मंदिर आहे. त्यांची एक कथा आमच्याकडं पोराटोरांना पाठ असते. सगळी संतमंडळी जमलेली. मुक्ताबाई गोरोबांना म्हणतात, यातली मडकी कच्ची किती, पक्की किती, जरा बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघतं! कुंभाराला मडकं फोडून बघावं लागत नाही. थापटलं की आवाजावरून कळतं.

संध्याकाळी मामानं मला खुंटीवरची पिशवी काढायला सांगितली. बासरी बाहेर आली. बांबूला तेलाचा वास होता. म्हणजे वाजवता येत नसूनही तो तिला तेल देत होता.

''घे. वाजव.''

आता काय सांगणार? ''मामा, मी... वाजवत नाही रे. बरीच वर्षं झाली. तुला फोनवर खोटंच सांगायची.''

''म्हाईत हाय मला.''

''कसं काय?''

''वाजवणारं माणूस फोनवर दमानं बोलतंय. तू धापा टाकत बोलतीस.''

मी बासरी ओठाला लावली. पहिल्यांदा नुसती हवा, फुस्स! दुसऱ्यांदा एक सूर आला, लडखडत, तीन सेकंदांत विझला. गॉलवेचे आठ आठवले आणि मला हसू आलं, मग रडू आलं. मामानं दोन बोटांनी माझ्या डोक्यावर टकटक केलं.

''कच्चं हाय,'' तो म्हणाला. ''पर फुटलेलं न्हाई. ने ही संगं.''

रविवारी रात्रीच्या एसटीत सीटखाली लॅपटॉपची बॅग होती आणि मांडीवर ती कापडी पिशवी. रोज सकाळी दहा मिनिटं, फक्त एक सूर धरायचा, असं ठरलंय. मामा फोनवर ऐकणार आहे. काल पाच सेकंद झाले.